नाकाचं अस्तर

माझ्या बायकोचं माझ्याबद्दल एक ठाम मत होतं. "तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो," ती म्हणायची, "शिंकलात तरी सांडतो." चौतीस वर्षं तिनं हे नाक जवळून पाहिलं होतं, त्यामुळं तिच्या म्हणण्याला वजन होतं. ती गेल्यावर त्याच नाकानं मला सव्वा वर्ष जे भोगायला लावलं, आणि त्या भानगडीत एक जिवाभावाचा माणूस माझ्या हातून कसा सुटला, ते लिहून ठेवावं म्हणून बसलोय. नाक चोंदण्यावर कुणी लिहितं का, असं वाटेल तुम्हाला. मलाही तसंच वाटत होतं.

मी ढोकीचा. इथल्याच शाळेत मराठी शिकवली आणि इथंच निवृत्त झालो. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. आता घरात बोलायलाच कुणी नाही, त्यामुळं मनातल्या मनातसुद्धा मराठीच चालते. तेव्हा तिचं बोलणं इथं मराठीतच येईल. तिनं माफ करावं. मुलगी एकच, सोलापूरला दिलेली.

बायको डिसेंबरात गेली. चार दिवसांचा ताप आणि खेळ खलास. घर माणसांनी भरलं, तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, माणसं आपापल्या गावी गेली. मुलगी आठवडाभर राहिली, मग तिलाही तिचं घर होतं. मी एकटा उरलो आणि नाक चोंदलं. आधी वाटलं रडून चोंदलंय. नंतर शिंका सुरू झाल्या तेव्हा कळलं, सर्दी आहे. नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, म्हणजे वजू करताना, नाकात पाणी घ्यायचं तर पाणी आतच जाईना, तोंडावर परत यायचं. चौकातल्या मेडिकलवाल्याला सांगितलं. तो माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, हा स्प्रे न्या. दोन्हीकडं एकेक मारा. दोन मिनटांत मोकळं."

खोटं नव्हतं ते. घरी येऊन मारला आणि दोन मिनिटांत, दरवाजा उघडावा तसं नाक उघडलं. तिला दफन करून आल्यापासूनचा तो पहिला पुरा श्वास. खरं सांगतो, लाज वाटली मला. बायको मातीत जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि हा माणूस पलंगावर बसून छाती भरून हवा घेतोय. पण बरं वाटलं हेही खरं. त्या दिवसांत दुसऱ्या कशानंच बरं वाटत नव्हतं.

सर्दी आठवड्यात गेली असावी. मला ते कळलंच नाही, कारण बाटली सुटली नाही. चार-पाच तास झाले की नाक पुन्हा बंद. मग पुन्हा एकेक फवारा. आधी सकाळ-संध्याकाळ, मग प्रत्येक नमाजाआधी, मग मध्येच केव्हाही. एक बाटली सदऱ्याच्या खिशात, एक उशाखाली, एक गाडीच्या डिकीत. चावी विसरून बाहेर पडलो असेन, बाटली विसरून कधी नाही. मेडिकलवाला लांबून मला पाहिलं की बाटली काउंटरवर काढून ठेवायचा. इतक्या अदबीनं त्यानं शाळेत कधी गृहपाठही ठेवला नव्हता.

बाटलीच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो. त्यावर बारीक अक्षरात काय काय छापलेलं असतं. मी तो कधी उलगडला नाही. तीस वर्षं मुलांना ओरडत आलो, "उत्तर लिहिण्याआधी सूचना वाचा, सूचना वाचा." आणि मास्तरनं स्वतः सूचना वाचली नाही. नापास व्हायचाच तो.

दोन-तीन महिन्यांत रमजान आला. नाकात औषध गेलं की रोजा तुटतो, एवढं मला माहीत होतं, तरी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "तुटतो. पण आजार असेल तर सूट आहे सर, नंतर भरून काढा." सूट घेण्यात गुन्हा काहीच नव्हता. पण आजार म्हणून सांगायचं काय, नाक? ज्या गावात उन्हातान्हात ऊस तोडणारी माणसं रोजा धरतात तिथं मी चोंदलेलं नाक सांगणार? दोन रोजे धरले. दुपार झाली की कुणी डोक्यावर उशी दाबून धरल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, दोन फवारे मारले आणि तुटलाच आहे तर म्हणून चहा केला. मग महिनाभर तेच. दार लावून जेवायचं. इफ्तारला मशिदीत गेलो तर खजूर घेताना मान वर करवत नव्हती, म्हणून जाणंच बंद केलं. लहानपणापासून एवढा खोटेपणा मी कधी केला नव्हता, आणि कुणाला सांगून मोकळं व्हावं तर सांगायची जागा डिसेंबरात गेलेली.

आणि मग ईद. इथं माझी खरी चूक आहे.

आमच्याकडं रीत अशी, की मयत झालेल्या घरी पहिल्या ईदला शीरखुर्मा करत नाहीत. शेजारपाजारचे, नातेवाईक डबे आणून देतात. माणसं येतात, बसतात, गेलेल्याची आठवण काढतात. चांगली रीत आहे. पण माझं नाक वर. चौतीस वर्षं आमच्या घरचा शीरखुर्मा प्यायला अर्धं गाव यायचं. शाळेतले सगळे मास्तर यायचे. ईदची नमाज झाली की आमच्या ओट्यावर चपलांना जागा उरायची नाही. मी ठरवलं, ती नसली म्हणून तिचं पातेलं पालथं राहणार नाही. मी करणार.

तिला करताना मी हजारदा पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलो होतो. दूध मंद आचेवर आटवायचं, हलवत राहायचं, शेवया तुपात भाजायच्या, खारीक, बदाम, चारोळी, वेलदोडा, आणि उतरवल्यावर शेवटी केवड्याचे दोन थेंब. सगळं आठवत होतं. पहाटे फजरच्या नमाजाआधीपासून उभा राहिलो. मध्ये अंघोळीला गेलो तेवढ्यात दूध तळाला लागलं. ते मला कळलं नाही. परत आल्यावर पळीला तळाशी काहीतरी जाडसर लागलं, तर मला वाटलं छान आटलंय, मलई धरली. मी तळ खरवडून घेतला. वर ढवळून एकजीव केला. ती एरवी म्हणायची, लागलेल्या दुधाचा तळ हलवू नये, वरचं वेगळं काढावं. पण लागलंय हेच ज्याला कळलं नाही तो वरचं वेगळं कशाला काढेल?

मग केवडा. दोन थेंब टाकले, वाकून हुंगलं. काहीच नाही. वाटलं, बाटली जुनी झाली, दम गेला. आणखी चार टाकले. काहीच नाही. मग ओतलाच, अर्धी बाटली.

नमाजहून आल्यावर माणसं आली. बरीच आली. तिच्या निळ्या फुलांच्या वाट्या काढल्या होत्या. डबे बाजूला सारून मी म्हणायचो, "हा घ्या, घरचा आहे," आणि समोर उभा राहून प्रत्येकाला विचारायचो, "तिच्यासारखा झालाय का?" सगळे म्हणाले, "हां सर, अगदी." कुणी म्हणालं, "माशाल्ला." एका घोटात वाटी रिकामी करून माणसं उठली. नेहमी तास-तासभर बसणारी माणसं पाच मिनिटांत चपला घालून उभी. दोघातिघांनी वाटी खिडकीत ठेवली ती तशीच राहिली.

दहा वाजता गणिताचे सर आले. माझ्याबरोबर शाळेत लागले, माझ्या पुढंमागं निवृत्त झाले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. रोज संध्याकाळी आम्ही दोघं चालत रेल्वे स्टेशनला जायचो, बाकड्यावर बसायचो, गाडी आली की ती किती उशिरा आली यावर वाद घालायचो आणि परत यायचो. बाकी काही नाही. पण बावीस वर्षं. ती गेल्यावर रोज सकाळी माझ्या दारात येऊन "चहा झाला का सर?" एवढं विचारून जाणारा हा एकच माणूस. नेहमीसारखा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, बसले. मी वाटी दिली आणि विचारलं, "सर, तुम्ही खरं सांगा. तुमच्या भाभीसारखा झालाय का?"

त्यांनी एक चमचा तोंडात घेतला. बराच वेळ तो चमचा तोंडातच होता. मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "सर, माझी शुगर जरा वाढलीय. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

मी वाटीकडं बघत राहिलो. काठोकाठ भरलेली. तिच्या हातचा असताना हा माणूस दोन वाट्या पिऊन तिसरी डब्यात घेऊन जायचा.

तिसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात ते मला जिलबी खाताना दिसले. बस, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, अस्सं. भाभी होती तोवर शुगर नव्हती. आता एकट्या म्हाताऱ्याच्या घरचं कशाला खायचं? माणसं तिच्यासाठी येत होती, आपण नुसते दारातले पेपर वाचणारे. हे गणित मी मांडलं आणि त्याचं उत्तर पक्कं करून टाकलं. संध्याकाळी सर आले, बाहेरून हाक मारली, "सर, चला स्टेशनला." मी आतूनच सांगितलं, "नाक चोंदलंय. बरं नाही." दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर ते येत राहिले, मग दोन दिवसांआड, मग जुम्म्याच्या दिवशी तेवढं. पावसाळा लागला आणि ते यायचे थांबले. थांबले तेव्हा मला राग आला. बोलावलं की जायचं नाही, आणि बोलावणं थांबलं की फुगून बसायचं. ती असती तर तिनं माझा कान धरून मला त्यांच्या दारात उभं केलं असतं.

ते सात-आठ महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. सकाळी उठायचं, फवारा. भाकरी यायची एका बाईकडून, भाजी मी करायचो. मीठ कळायचं, तिखट झोंबायचं, पण डोळे मिटले तर दोडका कुठला आणि वांगं कुठलं ते सांगता आलं नसतं. मला वाटायचं, तिच्या हातचं नाही म्हणून. दुःखात माणसाच्या तोंडची चव जाते असं ऐकलं होतं. माझी गेली, मी ती मुकाट मान्य केली. गल्लीतून माणसं जायची, आत कुणी यायचं नाही. मीही दाराची कडी काढत नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं नाही. लई एकटं वाटायचं. कधीकधी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी उत्तरं द्यायचो.

जानेवारीत मुलगी आली. कारखाना सुरू होता, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. आत येता येता ती म्हणाली, "अब्बा, मळीचा वास काय सुटलाय. कसं सहन करता?"

"कसला वास?" मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघायला लागली. कारखाना चालू असताना ढोकीत मळीचा वास न येणारा माणूस म्हणजे नदीत उभं राहून पाणी कुठंय विचारणारा. मी म्हटलं, "सवय झाली असेल." ती स्वयंपाकघरात गेली. एका पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पटकन परत ठेवलं. "ही डाळ कधीची आहे?"

"कालची. सकाळी अर्धी खाल्ली की."

"आंबलीय ती, अब्बा. फेस आलाय." ती उंबऱ्यावरच बसली. जरा वेळानं उठून फडताळ आवरायला लागली. केवड्याची बाटली हातात आली. "ही संपली? अम्मीला दोन ईदा पुरायची."

"खुर्म्यात टाकला सगळा," मी म्हटलं.

तिनं बाटली उजेडात धरली, मग परत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मला धाराशिवला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टरीण मुलीच्याच वयाची होती. तिनं एक बारीक दुर्बीण नाकात घातली आणि टीव्हीवर मला माझंच नाक आतून दाखवलं. लालभडक, सुजलेलं, मध्ये नुसती एक फट. "किती दिवस मारताय स्प्रे?" मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. मग शांतपणे समजावलं. माझ्या आयुष्यात मला इतकं नीट कुणी शिकवलं नाही. नाकाच्या आत एक नाजूक अस्तर असतं, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं. हा स्प्रे त्या वाहिन्या आवळतो. अस्तर आकसतं, वाट मोकळी होते. तीन-चार दिवसांपुरतं हे ठीक. त्याच्या पुढं मारत राहिलं, की औषध उतरताच अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतं. मग माणूस पुन्हा मारतो, ते पुन्हा फुगतं. "सर्दी तुमची कधीच बरी झाली, काका. आता नाक चोंदतंय ते या औषधानंच. आणि वास घ्यायची जागा वर असते, अगदी छताला. तिथपर्यंत हवाच पोचत नाही."

मी म्हटलं, "वास येतो की मला."

तिनं माझे डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली काहीतरी धरलं. मी जोर लावून हुंगलं. काही नाही. डोळे उघडले तर तिच्या तळहातावर कुटलेला वेलदोडा.

"शेवटचा कुठला वास आठवतो?" तिनं विचारलं.

मी विचार केला आणि सांगितलं, "कापूर." मुलीनं मान खाली घातली. कफनावर कापूर लावतात, हे त्या डॉक्टरीणबाईला माहीत नसावं. तिनं ते लिहून घेतलं.

औषध बदललं. तो स्प्रे आधी एका नाकपुडीत बंद करायचा, तिथला श्वास सुटला की दुसऱ्या. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. दुसरा एक स्प्रे दिला, सूज उतरवणारा. तो सकाळ-संध्याकाळ, आणि मारायचा तो नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला रोख धरून. "तीन-चार आठवडे हाल होतील. वास परत यायला वेळ लागेल. बहुतेक येईल," ती म्हणाली. "बहुतेक" हा शब्द मी मुलांना जपून वापरायला शिकवायचो. तिनं तो जपूनच वापरला होता.

मुलगी तिथूनच सोलापूरच्या गाडीत बसली. मी ढोकीच्या एसटीत. शिवणकाम करायची माझी बायको, त्यामुळं अस्तर म्हणजे काय ते मला माहीत होतं. वरून कपडा धड दिसतो आणि आत अस्तर फाटलेलं असतं. तोच विचार करत बसलो होतो आणि अचानक डिसेंबरपासून पुढं मोजायला लागलो. डिसेंबरात कापूर. त्यानंतर काही नाही. म्हणजे रमजानात काही नाही. म्हणजे ईदला काही नाही. तळ खरवडला होता तो. मलई नव्हती ती. अर्धी बाटली केवडा. माणसं एका घोटात प्यायली ती औषध प्यावं तशी. "अगदी सर, अगदी." आणि एकच माणूस, ज्याला मी म्हणालो होतो तुम्ही खरं सांगा, त्याला खरंही बोलता आलं नाही आणि खोटंही. एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाबा, काय होतंय का?" मी म्हटलं, "न्हाय, नाकाचा त्रास हाय."

स्टँडवर उतरलो तो थेट गणिताच्या सरांच्या घरी. दाराला कुलूप. शेजारीण धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "सर तर दिवाळीनंतर पुण्याला गेले की, पोराकडं. कायमचेच म्हणत व्हते. तुमाला सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं असेल," मी म्हटलं, "विसरलो मी." आणि घरी आलो.

फोन नंबर होता माझ्याकडं. कितीदा काढला आणि ठेवून दिला. काय बोलणार? की सर, माझ्या नाकात दोष होता आणि मी तुमच्यात काढला? शेवटी ठरवलं, आधी नाक. ईदपर्यंत नाक आलं, शीरखुर्मा धड झाला, की फोन करायचा. रिकाम्या हातानं नाही.

डावी नाकपुडी आधी सोडली. दोन दिवस टिकलो, तिसऱ्या दिवशी उशाखालची बाटली काढली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हरलो. सूज उतरवणारा स्प्रे आणि मिठाचं पाणी चालू होतं, पण जुन्या बाटलीनं अजून धरून ठेवलं होतं. मग रमजान आला. जी गोष्ट डॉक्टरीणबाईच्या चिठ्ठीनं झाली नाही ती नियतीनं झाली. नियत म्हणजे आमच्याकडं रोजा धरताना मनाशी केलेला संकल्प. पहाटे सहेरीच्या जेवणाला उठून नाक धुतलं, नवा स्प्रे मारला, आणि दिवसभर नाकात काही जाणार नाही असं ठरवलं. जुन्या स्प्रेच्या होत्या तेवढ्या बाटल्या गटारात ओतल्या. रोज्यात पाणी नाही, आणि श्वास तोंडानं. दुपारपर्यंत जीभ लाकडासारखी व्हायची. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मी वर्गात फळ्यावर लिहून समजावलंय, समजलं मला त्या रमजानात. पण यंदा दार लावून जेवत नव्हतो. इफ्तारला मशिदीत सगळ्यांबरोबर बसायचो. खजूर घेताना मान खाली नव्हती. दहाव्या रोज्याला डाव्या बाजूनं हवा यायला लागली, पंधराव्याच्या सुमारास उजवीनं. वास मात्र नाही.

विसाव्या की एकविसाव्या रोज्याला दुपार कलल्यावर असरची नमाज पढून चालत घरी निघालो होतो. पेट्रोल पंपाजवळ पाय थबकले. काहीतरी आलं आणि गेलं. पुन्हा आलं. आंबूस, गोडसर, जळकट. मळी. ज्या वासाला तीस वर्षं शिव्या घातल्या, खिडक्या लावून घेतल्या, त्या घाणीसाठी मी रस्त्याच्या कडेला तोंड वर करून उभा होतो. ट्रॅक्टरवाला हॉर्न देऊन गेला. मी रडलो, लपवत नाही.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन तिचं कपाट उघडलं. खूप दिवस मनात होतं. तिची एक ओढणी होती, शेवटच्या आठवड्यातली, न धुता ठेवलेली. नाकाला लावली. डांबरगोळीचा वास आला. फक्त डांबरगोळीचा. जोवर तिचा वास त्यात होता तोवर मला नाक नव्हतं. ओढणी घडी घालून ठेवली आणि इफ्तारला गेलो.

ईदच्या सकाळी दूध चुलीवर ठेवून मी जागचा हललो नाही. अंघोळ आदल्या संध्याकाळीच उरकली होती. एकदा तळाशी किंचित लागल्याचा वास आला तसा पातेलं झटकन उतरवलं, दूध दुसऱ्या भांड्यात घेतलं, तळ हलवला नाही. केवडा नवा आणला होता. दोन थेंब.

माणसं गेल्या ईदपेक्षा कमी आली. मौलाना आले, मेडिकलवाला आला, गल्लीतले चौघं. मी कुणाला काही विचारलं नाही. मेडिकलवाल्यानं आपणहून दुसरी वाटी मागितली. सगळे गेल्यावर दोन निळ्या वाट्या भरून समोर ठेवल्या आणि पुण्याला फोन लावला.

"बोला सर," ते लगेच म्हणाले. जणू सकाळीच भेटलो होतो. "ईद मुबारक."

मी त्यांना नाकाचं सगळं सांगितलं. स्प्रे, अस्तर, वेलदोडा. ते ऐकत राहिले. मग मी म्हटलं, "त्या वेळचा करपला होता ना?"

"करपला होता," ते म्हणाले. "आणि अत्तराचा फाया गिळल्यागत लागत होता."

"मग बोलला का नाही?"

"सर, मी ती वाटी पिऊन टाकली असती. विष असतं तरी प्यालो असतो. पण तुम्ही समोर उभं राहून विचारलं, भाभीसारखा झालाय का. होय म्हणावं तर ते भाभीला कमीपणा, न्हाय म्हणावं तर तुमच्याकडं बघवत नव्हतं. म्हणून शुगर काढली. दुसरं काही सुचलं न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "आता इथं खरंच शुगर निघालीय. ती गोष्ट वेगळी."

आम्ही दोघंही हसलो. त्यांच्याकडून लिफ्टचा आवाज येत होता.

"यंदाचा कसा झालाय?" त्यांनी विचारलं. "भाभीसारखा?"

मी वाटी उचलली, हुंगली. दूध, तूप, वेलदोडा, केवडा. सगळं होतं, सगळं वेगवेगळं कळत होतं. एक घोट घेतला.

"नाही हो सर," मी म्हटलं. "पण करपला नाही."